महामारीत अडलेला शोधप्रबंध पुढे कसा न्यावा

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, बसून मुलाखती घेत होते. विषय होता बीड जिल्ह्यातून येणारे मजूर टोळीच्या मुकादमाकडून जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात तिचा. साठ मुलाखती करायच्या होत्या, त्यांपैकी अठरा झाल्या होत्या. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेच्या रात्री देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि मी पुण्याला परतले ती पुढे दीड वर्ष त्या तळावर जाऊ शकले नाही. ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या ते मजूर कारखान्यांवरच अडकून पडले आणि त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळायला एप्रिल उजाडला. त्यांच्या अडचणीपुढे माझी अडचण क्षुल्लक होती, याची जाणीव तेव्हाही होती. तरीही प्रबंध पूर्ण करायचा होता आणि त्यासाठी काय करावे हे सांगणारे त्या वेळी कोणी नव्हते.

त्या काळात नोंदणी केलेले अनेक संशोधक आजही सादरीकरणाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि मधल्या वर्षांत उच्च शिक्षणाचे नियमही बरेच बदलले आहेत. काम अर्ध्यावर अडले असेल, किंवा पूर, साथ, आजारपण अशा कारणाने पुढे कधी अडले, तर ते पुन्हा मार्गी कसे लावावे हे येथे मांडले आहे. उदाहरणे माझ्या विषयाची, म्हणजे क्षेत्रकार्यावर उभ्या असलेल्या सामाजिक शास्त्रांतील आहेत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांना यातील मुदत, समिती आणि सादरीकरण यांविषयीचा भाग अधिक उपयोगी पडेल.

आधी नेमके काय अडले ते लिहून काढा

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात मी 'संशोधन थांबले आहे' असे प्रत्येकाला सांगत होते. ते खरे नव्हते. पाच प्रकरणांपैकी दोन प्रकरणे पूर्णपणे छापील साहित्यावर अवलंबून होती, एक प्रकरण साखर आयुक्तालयाच्या आकडेवारीवर होते आणि क्षेत्रकार्याविना अडणारी प्रकरणे दोनच होती. हे मला कळले ते मे महिन्यात, एका मोठ्या कागदावर प्रत्येक प्रकरणाचे नाव लिहून त्यापुढे 'कोणता पुरावा लागतो', 'तो कोठे आहे', 'आज हाती येऊ शकतो का' आणि 'येत नसेल तर त्याच्या जागी काय चालेल' असे चार रकाने आखल्यावर. चौथा रकाना भरताना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तेथे 'काहीच नाही' असे लिहावे लागले तरी लिहावे. कारण पुढे मुदतवाढीचा अर्ज करताना, समितीसमोर बोलताना आणि प्रबंधातील संशोधनपद्धतीचे प्रकरण लिहिताना हाच कागद कामाला येतो.

त्याच दिवशी एक दैनंदिनी सुरू करावी. तीत भावना लिहिल्या तरी हरकत नाही, पण तारखा मात्र न चुकता लिहाव्यात: ग्रंथालय कोणत्या तारखेला बंद झाले, कोणत्या कार्यालयाला कधी पत्र पाठवले, उत्तर कधी आले, घरातील कोण किती दिवस आजारी होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आमच्या घरात एकापाठोपाठ एक तिघे आजारी पडले आणि सहा आठवडे मी एक ओळही लिहिली नाही. वर्षभराने अर्जात ते सहा आठवडे तारखांसह दाखवता आले ते केवळ त्या वहीमुळे.

प्रश्न बदलावा लागला तर

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेक संशोधक तो टाळतात. सामग्री मिळेनाशी झाली की ते दोनपैकी एक मार्ग धरतात: एक तर 'परिस्थिती निवळू दे' म्हणून थांबून राहतात, नाही तर मूळ प्रश्न तसाच ठेवून त्याला जेमतेम पुरेल अशी कामचलाऊ सामग्री गोळा करतात. दुसरा मार्ग अधिक धोक्याचा आहे. साठ प्रत्यक्ष मुलाखतींवर उभा राहणारा प्रश्न बावीस फोन-मुलाखतींच्या डोलाऱ्यावर ठेवला तर परीक्षकाला ते पहिल्या वाचनातच दिसते.

माझा मूळ प्रश्न असा होता की उचल घेण्याचा निर्णय कुटुंबात कोण आणि कसा घेतो. याचे उत्तर कोपीत, चुलीपाशी, नवरा फडावर गेलेला असताना बायकोशी बोलूनच मिळणार होते. मी मार्गदर्शक मॅडमना फोनवर म्हटले, "मॅडम, तळावर जाता येणार नाही, आता विषयच बदलावा का?" त्या म्हणाल्या, "विषय कशाला बदलता? तळावर जे घडतं ते कोणाच्या वहीत लिहिलेलं असतं, ते आधी शोधा."

वही मुकादमाकडे असते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, आणि मुकादम प्रत्येक कोयत्याच्या नावापुढे उचल, वेळोवेळी दिलेला किराणा, दवाखान्याचा खर्च आणि खाडे मांडून ठेवतो. ज्या दिवशी जोडी कामावर येत नाही त्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि तो हिशोबातून वजा होतो. मी पूर्वी ओळख झालेल्या चार मुकादमांना विनंती केली. दोघांनी नकार दिला, दोघांनी आपापल्या वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांतील एका पानावर सात कोयत्यांची नावे होती. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचे आकडे निळ्या शाईत, दाटीवाटीने लिहिलेले होते, आणि एप्रिलच्या रकान्यात सातही नावांपुढून एकच आडवी रेघ ओढून तीवर फक्त 'लॉकडाऊन' असे लिहिले होते. अडकून पडलेल्या दिवसांचा किराणा कोणाच्या नावावर पडला, हे त्याच पानाच्या मागच्या बाजूला होते.

त्या पानावरून माझा प्रश्न बदलला. निर्णय कोण घेतो याऐवजी, उचलीचा हिशोब कसा लिहिला जातो आणि संकटाच्या काळातील खर्च त्यात कोणाच्या बाजूला टाकला जातो, असा तो झाला. हा प्रश्न माझ्या हाती असलेल्या पुराव्याला झेपणारा होता. आधीच्या अठरा मुलाखती वाया गेल्या नाहीत. वहीतील नोंदींचा अर्थ लावण्यासाठी त्यांचाच आधार मिळाला.

असा बदल करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली गोष्ट अशी की बदल मार्गदर्शकाशी बोलून, लेखी टिपणासह संशोधन सल्लागार समितीपुढे न्यावा आणि बैठकीच्या इतिवृत्तात तो नोंदवून घ्यावा. बहुतेक विद्यापीठांत शीर्षकातील किरकोळ बदल समितीच्या शिफारशीने होतो, पण विषयाचा गाभाच बदलत असेल तर वरच्या मान्यता समितीकडे जावे लागते आणि त्याला काही महिने जाऊ शकतात. म्हणून शीर्षक सुरुवातीलाच थोडे रुंद ठेवलेले बरे. दुसरी गोष्ट, हा बदल प्रबंधात लपवू नये. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आधी काय ठरले होते, काय घडले, काय बदलले आणि त्यामुळे निष्कर्षांच्या व्याप्तीवर कोणती मर्यादा आली, हे तीन-चार पानांत सरळ सांगावे. माझ्या प्रबंधातील इतर कोणत्याही भागापेक्षा परीक्षकांनी या पानांबद्दल अधिक प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे मला सर्वांत सहज देता आली.

फोनवरची मुलाखत

फोनवर मुलाखत घेणे म्हणजे प्रत्यक्ष मुलाखतीचेच स्वस्त रूप, असा समज करून घेऊ नये. कोयत्यामागे बहुधा एकच मोबाइल असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. बाईशी बोलायचे आहे असे सांगितले की फोन तिच्या हाती दिला जातो, पण त्याआधी स्पीकर सुरू केला जातो. माझ्या पहिल्या तीन मुलाखतींत प्रत्येक प्रश्नाला "सगळं बरं हाय की ताई" असे उत्तर येत होते आणि त्यामागे कोणाच्या तरी खाकरण्याचा आवाज. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना लक्षात आले की उत्तर यायच्या आधी दर वेळी क्षणभर थांबणे होते. ते थांबणेही लिप्यंतरात नोंदवावे.

यावर तीन उपाय मला सापडले. प्रश्न असे विचारावेत की उत्तर ऐकणाऱ्याला धोका वाटू नये: 'उचलीतले पैसे कोणी खर्च केले' असे विचारण्याऐवजी 'आज तळावर चूल कशावर पेटते, रॉकेल कोठून येते' असे विचारले की बोलणे हळूहळू खर्चावर येते. दुसरे म्हणजे वेळ बाईला ठरवू द्यावी. दुपारी पाण्याला जाताना केलेला पाच मिनिटांचा फोन रात्रीच्या तासाभराच्या फोनपेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो. तिसरा उपाय व्हॉइस नोटचा. लिहिता न येणाऱ्या बायकाही तीस-चाळीस सेकंदांचा निरोप सहज रेकॉर्ड करतात, आणि आठवड्यातून दोन असे निरोप दोन महिने जमवले तर ती एक बोलती दैनंदिनीच होते. त्यांच्या फोनचा रिचार्ज आपण भरावा, पण ही गोष्ट आधी समितीला सांगून ठेवावी, म्हणजे तो मोबदला की आमिष, असा प्रश्न नंतर उभा राहणार नाही.

काही गोष्टी फोनवर विचारूच नयेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला होता, त्यामुळे आरोग्याचे प्रश्न विचारण्याचा मोह मला होत होता. पण पलीकडे कोण ऐकत आहे हे दिसत नसताना असा प्रश्न विचारणे त्या बाईला अडचणीत आणणारे होते, म्हणून तो भाग मी पुन्हा प्रत्यक्ष भेटता येईपर्यंत राखून ठेवला.

संमतीचे काय? सही घेता येत नाही तेव्हा तोंडी संमती ध्वनिमुद्रित करून घ्यावी आणि ती मुलाखतीच्या फाइलपासून वेगळी ठेवावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये नैतिकता समित्यांसाठी महामारीच्या काळापुरती जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी असली तरी संमतीच्या पर्यायी पद्धतींबाबतचा त्यांतील विचार सामाजिक शास्त्रांतील संशोधकानेही वाचण्याजोगा आहे. आता डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ देखील आहे. मुलाखतींच्या फाइलींना खऱ्या नावाऐवजी क्रमांक द्यावा, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या जागी कुलूपबंद ठेवावी आणि काम पुरे झाले की व्हॉट्सॲपवरील मूळ निरोप पुसून टाकावेत.

घरबसल्या हाती येणारी साधने

कागदपत्रांवर काम करणाऱ्यांची स्थिती त्या मानाने बरी होती, पण फार बरी नव्हे. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार किंवा पुण्याचे पेशवे दप्तर यांतील बहुतांश कागद आजही तेथे जाऊनच पाहावे लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर मात्र सूची आणि पुष्कळ मूळ कागद पाहता येतात. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल आणि ग्रंथ डिजिटल स्वरूपात ठेवले आहेत, आणि जिल्हा गॅझेटियर शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. गुजरातेत गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध आहेत. आपल्या विषयावरील गेल्या दहा वर्षांतले प्रबंध तेथून उतरवून घ्यावेत आणि वाचताना आधी परिशिष्टे पाहावीत. प्रश्नावल्या तेथेच असतात, आणि इतरांनी काय विचारले होते हे कळले की आपले निम्मे काम हलके होते.

२०२५ च्या आरंभापासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना सुरू झाली असून तीत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना उपलब्ध आहेत. टाळेबंदीत घरून एखादा लेख वाचण्यासाठी ज्या खटपटी आम्ही केल्या त्या आठवल्या की ही सोय मोठी वाटते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील केंद्रात नोंदणी असेल तर आपल्याला प्रवेश आहे का, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे.

सरकारी आकडेवारी वापरताना एक खबरदारी घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्र आणि गोव्यातील काम पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०१९ च्या उत्तरार्धात आणि जानेवारी २०२० पर्यंत झाले. दुसऱ्या टप्प्यातील राज्यांचे काम मात्र टाळेबंदीने मध्येच थांबून २०२१ पर्यंत लांबले. त्यामुळे या फेरीतील महाराष्ट्राचा आकडा 'महामारीतील स्थिती' म्हणून वापरणे ही उघड चूक आहे, आणि महाराष्ट्राची तुलना दुसऱ्या टप्प्यातील राज्याशी करताना तळटीप दिलीच पाहिजे. जनगणनेचेही तसेच. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा आहे, त्यामुळे लोकसंख्येचे गावनिहाय आकडे अजून २०११ चेच वापरावे लागतात.

कार्यालये दाद देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क दहा रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. अर्जात 'सर्व माहिती मिळावी' असे मोघम लिहू नये. कोणत्या गाळप हंगामाची, कोणत्या नोंदवहीतील, कोणत्या रकान्याची प्रत हवी हे लिहिले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. माझ्या पहिल्या अर्जाला 'माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. दुसऱ्या अर्जात नोंदवहीचे नाव लिहिले, तेव्हा चौदा पाने आली.

मुदत, समिती आणि पैसा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि मौखिक परीक्षा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्यास मुभा दिली. सादरीकरणाची ही सवलत पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ३० जून २०२२ पर्यंत गेली. फेलोशिपचा, म्हणजे अधिछात्रवृत्तीचा, कालावधी मात्र पाच वर्षांचाच राहिला, आणि अनेकांचे हिशोब येथेच चुकले. मुदत वाढली म्हणजे पैसाही वाढला, असे धरून चालू नये. आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्याची ३५,००० वरून ४२,००० रुपये झाली. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या अटी जाहिरातीगणिक नीट वाचाव्यात. पैसे कोठूनही येणार असले तरी हप्ता लांबला तर चार महिने निभावेल एवढी तजवीज जवळ असावी, असे मी अनुभवाने सांगते.

नव्या नोंदणीला आता लागू असलेले आयोगाचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना याशिवाय दोन वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण काळ दहा वर्षांपेक्षा अधिक होता कामा नये. महिलांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. ही रजा मागायला संकोच करणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत, आणि पुढे त्याच पुनर्नोंदणीचे शुल्क भरतानाही पाहिल्या आहेत.

मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या आठवड्यात करू नये. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी, मार्गदर्शकाच्या शिफारशीसह, आतापर्यंत पूर्ण झालेल्या प्रकरणांची यादी आणि उरलेल्या कामाचे महिनावार वेळापत्रक जोडून तो द्यावा, आवक क्रमांकाची प्रत घ्यावी आणि ती जपून ठेवावी. माझा एक अर्ज संबंधित विभागात सापडेना झाला होता. आवक क्रमांक दाखवल्यावर तो वीस मिनिटांत सापडला.

मार्गदर्शकाशी संपर्क तुटू न देणे ही संशोधकाचीच जबाबदारी समजावी. दर पंधरा दिवसांनी दोन पानांचे टिपण ई-मेलने पाठवावे आणि त्याच्या शेवटी 'आपल्याकडून या दोन गोष्टींवर निर्णय हवा आहे' असे स्पष्ट लिहावे. मोठमोठी प्रकरणे एकदम पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा यातून काम लवकर पुढे सरकते. २०२२ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात समितीपुढे प्रगती मांडावी लागते, त्या वेळी ही टिपणे एकत्र केली की अहवाल जवळजवळ तयार असतो. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. जागा मिळवण्यासाठी धडपडताना हे आकडे माहीत असलेले बरे.

मधल्या काळात आणखी काय बदलले

एम.फिल. बंद झाली. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण प्रवेशासाठीही धरले जातात; अधिछात्रवृत्ती न मिळालेल्या पात्र उमेदवारांसाठी नेटच्या गुणांना सत्तर टक्के आणि मुलाखतीला तीस टक्के भार असतो आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य राहतात. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही २०१६ च्या विनियमांतील अट २०२२ मध्ये काढली गेली. तरीही काही विद्यापीठांनी आपल्या नियमांत ती ठेवली आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश पाहावा. मान्य नियतकालिकांची आयोगाची 'केअर' यादीही आता बंद झाली असून नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थेवर आणि संशोधकावर आली आहे. 'सात दिवसांत प्रसिद्धी'ची हमी देऊन पैसे मागणाऱ्या नियतकालिकाकडे फिरकू नये, एवढे त्यासाठी पुरे आहे.

ऑनलाइन मौखिक परीक्षेला परवानगी आहे, याचा अर्थ ऑनलाइन पीएच.डी.ला परवानगी आहे असा नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास विनियमांत मनाई आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग आहे आणि त्याला मालकाचे ना-हरकत पत्र लागते. 'घरबसल्या डॉक्टरेट' अशा जाहिरातींना उत्तर देण्यापूर्वी हे वाचावे.

लेखन, तपासणी आणि मौखिकी

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टंकन करावे. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर संगणकाला मराठी म्हणून वाचता येत नाही, त्यामुळे साम्यतपासणीचा, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे दाखवणारा, अहवाल निरर्थक येतो आणि शोधगंगेवर गेलेल्या प्रबंधात कोणाला शब्दही शोधता येत नाही. माझी पहिली दोन प्रकरणे टंकलेखकाकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतली होती. ती रूपांतरित करताना प्रत्येक रफार आणि जोडाक्षर हाताने तपासावे लागले, आणि त्यात एक अख्खा महिना गेला.

वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष सादरीकरणास बंदी येते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. केवळ टक्का कमी करण्यासाठी शब्दांची उलटापालट करणारी संगणकीय साधने वापरू नयेत. वाक्य बिघडते ते बिघडतेच, शिवाय परीक्षकाला ते ओळखू येते.

मौखिकी ऑनलाइन असेल तर आदल्या दिवशी त्याच खोलीतून, त्याच जोडणीवर मार्गदर्शकांसोबत एकदा बोलून पाहावे. वीज गेली तर मोबाइलच्या डेटावर कसे जायचे हे ठरवून ठेवावे आणि सादरीकरणाची फाइल विभागाकडे आधीच पाठवावी. मौखिकी खुली असते, इतर संशोधक आणि अध्यापक ऐकायला येऊ शकतात, म्हणून पडद्यावर मुलाखत दिलेल्यांची खरी नावे, गावे किंवा वहीतील पाने ओळखू येतील अशा रूपात दाखवू नयेत. मी ते वहीचे पान दाखवले तेव्हा नावांवर पांढरी पट्टी लावली होती. बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "ज्यांनी नकार दिला त्या दोन मुकादमांच्या वह्यांत काय वेगळे असू शकेल?" या प्रश्नाची तयारी मी केली होती, कारण मे २०२० मधील त्या कागदाच्या चौथ्या रकान्यात तो प्रश्न माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

पदवी जाहीर झाली की तात्पुरते प्रमाणपत्र घेताना त्यात पदवी कोणत्या विनियमांनुसार दिली आहे याचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. २०२२ चे विनियम येण्यापूर्वी नोंदणी झालेल्यांना त्या वेळी लागू असलेले, म्हणजे २००९ चे किंवा २०१६ चे विनियम लागतात, आणि सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला जाताना छाननी समिती हाच कागद मागते. उल्लेख नसेल तर त्याच दिवशी, त्याच खिडकीवर दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि त्याचाही आवक क्रमांक घ्यावा.